लव्हीनाच्या गळ्यातलं

"रेनॉल्ड्ससुद्धा नाहीत," ऑगस्टाबाई म्हणाल्या आणि हातातलं पत्र त्यांनी टेबलावर असं आपटलं, की माझ्या कपातला चहा बशीत सांडला. "आता उरले कोण? रीड झाले, रॉजर्स झाले, राइस झाले. आर अक्षराची माणसं एका ओहायोत इतकी, तर अख्ख्या देशात किती असतील, सरो?"

"सोळावं पत्र हे," मी म्हणाले.

"मोजू नकोस. मोजलं की मला दम लागतो."

मे महिन्यातला मंगळवार होता, साल एकोणीसशे शहात्तर. त्या वर्षी अमेरिकेला दोनशे वर्षं पुरी होणार होती आणि नेब्रास्कातल्या आमच्या चार रस्त्यांच्या गावानंही काहीतरी करून दाखवायचं मनावर घेतलं होतं. गावात आधी तळ्याकाठी नवी बाकं बसवायचं ठरलं, मग ते मोडलं, आणि शेवटी ठरली एक शिळा. बैलगाडीत संसार घालून या माळावर पहिल्यांदा आलेल्या आठ आयांची नावं तिच्यावर कोरायची होती. आठांपैकी सात पक्क्या झाल्या होत्या. आठवी होती लव्हीना थॅचर, ऑगस्टाबाईंची आजी.

अडलं होतं ते माहेरच्या नावावर. समितीचा नियम असा, की प्रत्येक आईचं माहेरचं आडनाव शिळेवर हवं, आणि त्याला शिक्क्याचा कागद हवा. लव्हीनाचं माहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. ओहायोतून आली एवढंच ठाऊक. थडग्यावरही लिहिलेलं होतं, 'लव्हीना, ई. थॅचर यांची पत्नी'. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कागद दिला नाही, तर पाथरवट सात नावं कोरून मोकळा होणार होता.

मी या भानगडीत कशी पडले, तर टायपिंगमुळे. माझे यजमान तिथल्या कॉलेजात मातीचं शास्त्र शिकवायचे. मी घरी बसून कंटाळले होते, म्हणून आठवड्यातून तीन दिवस गावच्या लायब्ररीत फुकट टायपिंग करायला जाऊ लागले. ऑगस्टाबाई समोरच राहायच्या. वय एक्क्याऐंशी, अंगात कायम मेलेल्या नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट, कानात यंत्र. आम्ही राहायला आलो त्या दिवशी गावातल्या कोणी आमच्याकडे पाहिलंही नव्हतं, तेव्हा ही बाई दार वाजवून आत आली आणि म्हणाली होती, "तुमच्या धुराड्यात चिमण्यांनी घरटं केलंय. शेगडी पेटवलीत तर गुदमराल." त्यानंतर त्यांनीच मला मोटार चालवायला शिकवलं. त्यांनी एखादं काम सांगितलं आणि मी नाही म्हटलं, असं झालं नाही.

लव्हीनाच्या माहेराचा सगळा पुरावा म्हणजे एक ब्रूच, झग्याला गळ्यापाशी टोचायचा दागिना. अंड्याच्या आकाराचा, रुपयापेक्षा थोडा मोठा, पुढं काच आणि काचेखाली केसांची बारीक वेणी गोल करून बसवलेली. मागं दोन अक्षरं कोरलेली होती, एम. आर. त्या काळी तिकडे आपल्या माणसाचे केस असे दागिन्यात घालून वापरायचे. लव्हीनानं तो दर रविवारी गळ्यापाशी लावला, चाळीसहून अधिक वर्षं. ऑगस्टाबाईंचा तर्क असा, की हे केस लव्हीनाच्या आईचे. तिचं नाव मेरी किंवा मार्था, आणि आडनाव आरचं.

मागच्या शरदात त्यांनी मला विचारलं होतं, "तुला काय वाटतं?" आणि मी अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं, "गळ्यातलं आहे ना, मग माहेरचंच. आमच्याकडे बाई सासरचं कितीही अंगावर घालो, माहेरचा एखादा तरी मणी गळ्यात असतोच."

त्यांना माझं बोलणं इतकं पटलं, की बाकी सगळे धागे सोडून आम्ही त्या आरच्या मागे लागलो. सहा महिने गेले. सोळा पत्रं, सोळा नकार.

"चल, पुन्हा पहिल्यापासून," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "तुला तिच्याबद्दल मी काय काय सांगितलंय?"

"सगळं."

"सगळं नाही. माझ्या बापाच्या लग्नातलं सांगितलंय?"

ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील ऑरिन, लव्हीनाचा एकुलता मुलगा. आणखी दोन झाली होती, ती इथल्या पहिल्या दोन हिवाळ्यांतच घटसर्पानं गेली. तर ऑरिनच्या लग्नाला, अठराशे नव्वदात, चर्चमध्ये पुढच्या बाकावर लव्हीना बसली आणि शेजारची जागा तिनं कोणाला घेऊ दिली नाही. तिथं रुमाल पसरला, गळ्यातला ब्रूच काढला आणि त्या रुमालावर ठेवला. पाद्रीणबाई बसायला आल्या, तर त्यांना म्हणाली, "इथं बसलंय कोणीतरी."

"आमच्या घरात अजून हसतात त्यावर," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "म्हातारी जराशी अशीच होती. तोंडानं फाटकी, पण काम करून करून हाडाची काडं झालेली. हा तिचा फोटो. केस बघ, म्हातारपणीसुद्धा काळेभोर."

मी फोटो पाहिला. मग ऑगस्टाबाईंना काय वाटलं कोणास ठाऊक. उठल्या, ब्रूच डबीतून काढला आणि माझ्या पदराला गळ्याशी टोचला.

"काय करताय?"

"घाल थोडा वेळ. तुम्ही लोक म्हणे मेलेल्यांशी बोलता. विचार तिला, कुठली तू म्हणून."

"आम्ही कोणाशी बोलत नाही," मी म्हणाले. "उगाच काहीतरी वाचता."

ब्रूचचा धातू गार होता. तो माझ्या गळ्याच्या खळगीत टेकला आणि माझा हात आपोआप वर गेला. तो गारवा माझ्या ओळखीचा होता. खिडकीतून ऊन येत होतं. मी पदर पुढं ओढून पाहिलं, तर काचेखालची वेणी तांब्याच्या तारेसारखी लाल चमकत होती.

"ऑगस्टाबाई, तुमच्या वडलांचे केस कसे होते?"

"लाल. गाजरासारखे. शाळेत पोरं त्यांना गाजरच म्हणायची. का?"

"काही नाही," मी म्हणाले. "हा काढा आधी."

घरी गेले. यजमान आले तेव्हा मी कणीक मळायची सोडून नुसती परातीसमोर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "तू आता लोकांच्या घरात किती आत शिरणार आहेस? म्हातारीला आजी हवी आहे. तू तिची आजीच काढून घ्यायला निघालीस."

"पण नाव सापडेल अहो."

"कोणाचं?"

मी परत कणीक मळायला घेतली. माझा राग त्यांच्यावर नव्हताच. माझ्यावर होता. जे मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलं होतं, तेच सहा महिने मला दिसलं नव्हतं, आणि वर मी त्या बाईला छातीठोकपणे चुकीच्या वाटेला लावलं होतं.

बुधवारी सकाळीच मी समोरच्या घरी गेले आणि बुटांचे खोके मागितले. ऑगस्टाबाई कागद बुटांच्या खोक्यांत ठेवायच्या. एकावर लिहिलं होतं 'आपले', दुसऱ्यावर 'आपले नाहीत'. दुसऱ्यात कोणी हात घालायचा नाही असा त्यांचा शिरस्ता होता. मी तोच घेतला.

"त्यात केर आहे," त्या म्हणाल्या.

"केरच बघायचाय."

पाऊण तास मी कागद उलटत होते. मग ओहायोतल्या एका कचेरीचं चार वर्षांपूर्वीचं पत्र मिळालं, शिक्क्यानिशी. कारकुनानं लिहिलं होतं, 'आपण विचारलेल्या काळात एलाय थॅचर याच्या विवाहाची नोंद आमच्या वहीत नाही. मात्र ९ मार्च १८६४ रोजीची एक नोंद आढळते. एलाय थॅचर, विधुर, आणि लव्हीना काउल्स, कुमारिका.'

"हे इथं का टाकलंत?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "कारण तो आमचा एलाय नाही. माझा बाप एकसष्ट सालचा. चौसष्टात लग्न कसं होईल? शिवाय हा विधुर. माझा आजोबा विधुर नव्हता आणि माझी आजी तसली बाई नव्हती."

"बसा," मी म्हणाले.

"मी बसलेलीच आहे."

"मग ऐका. आमच्याकडे एक रीत आहे. पुरुषाची पहिली बायको गेली आणि त्यानं दुसरी केली, तर ती दुसरी गळ्यात एक टाक घालते. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. ती पहिली. नवं लुगडं आलं तर ते आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला, मग स्वतःला. घरात लग्न असलं, तर पहिला मान तिचा."

ऑगस्टाबाई काही बोलल्या नाहीत. मी ब्रूच खिडकीच्या उजेडात धरला.

"हे लाल केस लव्हीनाचे नाहीत, तिच्या आईचेही नाहीत. एम. आर. ही तुमच्या आजोबांची पहिली बायको. मुलाच्या लग्नात शेजारची जागा कोणाला ठेवली होती, ते आता बघा."

त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता त्या माझं काही ऐकणारच नाहीत. पण थोड्या वेळानं त्यांनी ते परत लावलं.

"सहा महिने," त्या म्हणाल्या. "गळ्यातलं म्हणजे माहेरचं, असं कोण म्हणालं होतं?"

"मी."

"आणि ही रीत तुला तेव्हा ठाऊक नव्हती?"

"होती."

"पुस्तकात वाचलेली?"

"नाही. माझ्या आईच्या गळ्यात होता टाक."

त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तुझी आई दुसरी."

"हो."

"आणि तू?"

"मी पहिलीची. दोन वर्षांची होते ती गेली तेव्हा. मला काही आठवत नाही. मला आई म्हणजे हीच." मला थांबता येईना. "मी नऊ वर्षांची असताना ती मला न्हाऊ घालत होती. टाक माझ्या पाठीला गार लागला. मी विचारलं, ही बाई कोण गं. ती म्हणाली, तुझी आई. आणि पाण्याचा पुढचा तांब्या डोक्यावर ओतला. त्यावर पुन्हा आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही."

"नाव काय होतं तिचं?"

"सासरचं पार्वती. आमच्याकडे लग्नात पोरीचं नावच बदलतात. आधीचं माहेरी राहतं. वडलांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा माहेरच्यांनी येणंजाणं तोडलं. त्यामुळं माहेरचं नाव मला माहीत नाही."

"आईला विचारलं नाहीस?"

"नाही."

"ती जिवंत आहे?"

"आहे. कोरेगावला. सातारा जिल्ह्यात."

"आणि तू इथं बसून माझ्या आजीचं माहेर शोधतेस," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "धन्य आहेस, सरो."

त्यांनी कारकुनाचं पत्र उचललं, हातानं सरळ केलं आणि पुन्हा वाचलं. "काउल्स. लव्हीना काउल्स. कुमारिका. वीस वर्षांची असेल. लाल केसांचं तीन वर्षांचं पोर पदरात घेतलं, दोन वर्षांनी गाडीत घालून इथं आणलं. स्वतःची दोन पुरली. आणि त्यातलं एक अक्षर कधी तोंडातून काढलं नाही." पत्र खाली ठेवून म्हणाल्या, "बाबांना ठाऊक असेल का गं?"

"कोण जाणे."

"मशीन काढ. अर्ज टाइप करायचाय."

शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता आम्ही दोघी लायब्ररीच्या मागच्या खोलीत गेलो. समितीचे अध्यक्ष मिस्टर व्हिटाकर आधीच येऊन बसले होते. शाळेचे निवृत्त हेडमास्तर, पेन्सिलीला टोक करत बोलण्याची सवय. ऑगस्टाबाईंनी नवा निळा झगा घातला होता आणि गळ्याशी तो ब्रूच लावला होता. व्हिटाकरांनी आधी शिक्का तपासला, मग मजकूर, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"अभिनंदन, ऑगस्टा. काउल्स. चांगलं आडनाव आहे." मग पुन्हा वाचलं. "पण इथं विधुर लिहिलंय."

"हो."

"आणि साल चौसष्ट."

"वाचता येतं मला, हॅरॉल्ड."

"ऑरिन एकसष्टचा. मग लव्हीना तुझी कोण?"

"आजी."

"कागद तसं म्हणत नाही."

"कागदाला विचारलंच नाहीये मी. तू माझ्याशी बोल."

व्हिटाकरांनी समितीची नियमांची पानं पुढं ओढली. "अर्ज करणारी व्यक्ती थेट रक्ताच्या वंशातली हवी. नियम तिसरा. लव्हीनाला दुसरं मूल?"

"दोन. टेकडीवर आहेत. एक अकरा महिन्यांचं, एक दोन वर्षांचं."

"मग वंश नाही." ते वाईट माणूस नव्हते, त्यांचा चेहरा खरंच पडला होता. "ऑगस्टा, शिळा आयांची आहे. ही बाई तशी कोणाचीच..."

ऑगस्टाबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"माझा बाप पाच वर्षांचा होता गाडीत. वाटेत त्याला ताप भरला, तेव्हा सहाशे मैल त्याला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? हा कागद?"

"मी समजू शकतो. पण नियम मी केलेले नाहीत."

"तूच केलेस. या पोरीनं टाइप केले."

हे खरं होतं. तिसरा नियम मीच टाइप केला होता, ऑक्टोबरात, तीन प्रतींत. मी म्हणाले, "मिस्टर व्हिटाकर, हा कागद आम्ही आणलाच नसता तर?"

"तर माहेरचं नाव नाही, म्हणून अर्ज बाद."

"आणि आणला म्हणून वंश नाही, म्हणून बाद."

त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. "तसंच दिसतंय," ते म्हणाले.

बाराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही बाहेर आलो. ऑगस्टाबाई मोटारीत बसल्या, दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, नाव नाही म्हणून अडलंय." किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "चार वर्षं मी तिचं नाव शोधलं. सापडलं त्याच कागदानं तिला बाहेर काढलं."

"चूक माझी आहे. मी खोक्यात हात घातला नसता..."

"गप्प बस. तू घातलास म्हणून ती काउल्स झाली. नाहीतर ई. थॅचर यांची पत्नी म्हणूनच पडली असती तिथं." त्यांनी गळ्यातला ब्रूच चाचपला. "आणि हिचं काय? हिचं तर एवढंही नाही. एम. आर. उद्या तू पुन्हा पत्र टाइप करायला येशील. या वेळी योग्य बाईसाठी."

चार जुलैला शिळा उभी राहिली. पाथरवटानं आठ नावांच्या हिशेबानं दगड आखला होता, त्यामुळं तळाशी जागा रिकामी राहिली. ती वाईट दिसते म्हणून व्हिटाकरांनी तिथं गव्हाची पेंढी कोरून घेतली. बँड वाजला, मुलांनी झेंडे हलवले. ऑगस्टाबाई लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी रुमाल पसरून ठेवला होता. त्यावर लव्हीनाचा तो फोटो होता. कोणीतरी बसायला आलं, तर म्हणाल्या, "इथं बसलंय."

एम. आर. कोण, ते आम्हाला अखेरपर्यंत कळलं नाही. आणखी तेवीस पत्रं गेली. ऑगस्टाबाई अठ्ठ्याहत्तर साली वारल्या. खोके माझ्याकडे आले आणि आमच्याबरोबर पुण्यालाही आले. आता मीच ऑगस्टाबाईंच्या त्या वेळच्या वयाची आहे.

पण त्या शुक्रवारी घरी आल्यावर चपलाही न काढता मी एक काम केलं होतं. टपालाचं निळं पत्र घेतलं आणि आईला लिहिलं. इकडचं हवापाणी लिहिलं, यजमानांचं पित्त लिहिलं, आणि सगळ्यात खाली, जागा संपत आली तेव्हा एक ओळ, की तिचं माहेरचं नाव तुला ठाऊक आहे का.

आईचं शिक्षण तिसरीपर्यंत. तिचं अक्षर मोठं, ओळी खाली उतरणाऱ्या. तिचं उत्तर आलं, तेव्हा मी ते अंगणातच फोडलं. गाय व्याली होती. कैऱ्या यंदा कमी होत्या. विहिरीवरचं इंजिन पुन्हा बिघडलं होतं. मग खाली लिहिलं होतं:

'तिचं नाव हौसा. बाप बाबाजी माने, रहिमतपूरचे. घराच्या दारात शेवगा होता म्हणे. लग्न होऊन आले त्या वर्षीच मी तुझ्या आत्याकडून सगळं काढून घेतलं आणि ध्यानात ठेवलं, कारण तू मोठी झालीस की विचारशील. पस्तीस वर्षं ठेवलं. तू विचारलंच नाहीस, मग मला वाटलं तुला नको असेल.'

पत्र जाऊन उत्तर यायला बावीस दिवस लागले होते.